सेव्ह नेमकी कुठं मरते? फुटबॉल मॅनेजरमधल्या चार लांबच्या वाटा

फुटबॉल मॅनेजर या क्लब चालवायच्या संगणक-गेममध्ये नवी सेव्ह, म्हणजे जपून ठेवत पुढं खेळत जायची कारकीर्द, सुरू करायला पाच मिनिटं पुरतात. तीच सेव्ह वीस सीझन चालवणं हे वेगळंच प्रकरण आहे. माझ्या फोल्डरमध्ये अर्धवट सोडलेल्या सेव्ह ओळीनं पडल्यात. एक पहिल्याच ऑगस्टमध्ये थांबलेली, तीन-चार दुसऱ्या सीझनच्या जानेवारीत अडकलेल्या आणि एक चक्क चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी सोडलेली. ती सोडली, कारण आपण जिंकणार हे मला माहीत होतं आणि त्याचं काहीच वाटत नव्हतं.

तेव्हापासून ‘सगळ्यांत अवघड सेव्ह कोणती’ या वादात मी पडत नाही. अवघड सेव्हसुद्धा कंटाळवाणी निघते. नवी सेव्ह सुरू करताना मी एकच गोष्ट बघतो, ही कुठं मरेल? प्रत्येक प्रकाराची मरायची जागा जवळजवळ ठरलेली असते. ती जागा आपल्याला ओलांडता येईल का, यावर निवड करावी.

वेळेचं गणितही आधीच करून ठेवा. प्रेस कॉन्फरन्स सहायकावर सोपवून आणि सामन्यांचे फक्त महत्त्वाचे क्षण पाहूनही माझा एक सीझन वीसेक तास घेतो. म्हणजे वीस सीझनचे चारशे तास झाले. एकाच सेव्हमध्ये तीनशेहून जास्त सीझन खेळून गिनेसमध्ये नोंद करवणारे लोक आहेत, पण ती जात वेगळी.

एकाच क्लबचा संसार

सगळ्यांत सरळ वाट हीच. एक छोटा क्लब घ्यायचा आणि त्याला शिखरावर न्यायचं. इंग्लंड निवडलं तर गेमच्या मूळ डेटाबेसमध्ये नॅशनल लीग नॉर्थ आणि साउथपर्यंत, म्हणजे सहाव्या श्रेणीपर्यंत उतरता येतं. तिथून प्रीमियर लीग पाच बढत्यांवर.

यातली सुरुवातीची वर्षं भलती मजेची असतात. संघातले निम्मे खेळाडू अर्धवेळ. काहींशी तर धड करारच नसतो, नुसतं प्रत्येक सामन्याचं मानधन. माझा वीस गोल मारलेला स्ट्रायकर एका जानेवारीत वरच्या श्रेणीतल्या क्लबनं फुकटात उचलला आणि मी नुसता बघत बसलो. पुढच्या उन्हाळ्यात पहिलं काम केलं ते बऱ्या खेळाडूंना रीतसर करारात बांधण्याचं. अशा चुका अंगाशी आल्या की त्या सेव्हवर जीव जडतो.

मरण येतं ते शिखरावर. लीग दोनदा जिंकली की प्रतिस्पर्धी तुमच्या मैदानावर दहा जण मागं ठेवून खेळू लागतात, पगाराचा डोलारा फुगतो, आणि तिजोरी भरल्यामुळे कुठल्याही चुकीची किंमत मोजावी लागत नाही. विजयाची बातमी न वाचताच तुम्ही पुढं ढकलायला लागलात की ओळखावं, हिचे दिवस भरले.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, एकाच क्लबची लांब सेव्ह बड्या क्लबबरोबर सुरू करूच नये. बडा क्लब चौथ्या सीझनला रिकामा वाटू लागतो. तळातून आलात तर शिखर गाठेपर्यंत दहा-बारा सीझन जातात आणि तोवर क्लबला तुमचा स्वतःचा इतिहास आलेला असतो. माझ्या एका सेव्हमधला सेंटर बॅक एकोणिसाव्या वर्षी आला, पंधरा सीझन खेळला, कप्तान झाला. निवृत्तीनंतर मी त्याला अठरा वर्षांखालच्या संघाची जबाबदारी दिली. दोन वर्षांत तो पदावनतीशी झुंजणाऱ्या एका क्लबचा मॅनेजर झाला आणि आमच्याच मैदानावर येऊन शून्य-शून्य करून गेला. आमच्या क्रॉसवर त्याच्या बचावफळीनं तसूभर जागा दिली नाही. राग आला, पण त्या एका निकालानं ती सेव्ह आणखी तीन सीझन जगवली.

फार वर्षं टिकलात तर नव्या स्टेडियमला तुमचं नावही मिळू शकतं. ही फुशारकी दुसऱ्या कुठल्या वाटेवर सहसा मिळत नाही.

भटका मॅनेजर

इथं क्लब नसतोच. मॅनेजर बनवताना खेळाडू म्हणून अनुभव ‘संडे लीग’चा, म्हणजे हौशी पातळीचा, आणि प्रशिक्षणाचा परवाना काहीच नाही असं निवडायचं आणि बेकार म्हणून सुरुवात करायची. मग अर्ज, मुलाखती, नकार. पहिले काही आठवडे दिवस पुढं सरकवायला नुसतं ‘कंटिन्यू’ दाबणं असतं आणि अर्धे लोक तिथंच गळतात. तो काळ काढला की मात्र या वाटेला तोड नाही.

इथं एक युक्ती फार कामाला येते. सगळ्या देशांचे सीझन एकाच वेळी चालत नाहीत. नॉर्वे-स्वीडनमधल्या लीग वसंतात सुरू होऊन वर्षाच्या शेवटाकडे संपतात. नेमकं तेव्हाच ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या लीगमध्ये तळाच्या क्लबांचे मॅनेजर घरी जाऊ लागतात. तुम्ही तिकडचा सीझन पुरा करून मोकळे आणि इकडे जानेवारीत बुडणाऱ्या क्लबला कुणीतरी हवा असतो. सतरा सामने, आठ गुणांची तूट, खेळाडू दुसऱ्याचे, डावपेच तुमचे. या गेममध्ये मला याहून ताजंतवानं करणारं काही सापडलेलं नाही.

परवान्यांची शिडीही इथंच खऱ्या अर्थानं जाणवते. ‘नॅशनल सी’पासून ‘कॉन्टिनेंटल प्रो’पर्यंतचा खर्च क्लबनं करावा म्हणून बोर्डापुढं हात पसरावे लागतात. एका क्लबच्या सेव्हमध्ये ही निव्वळ औपचारिकता असते. भटक्यासाठी पुढची नोकरी त्यावर अडलेली असते.

ध्येय हवंच असेल तर खेळणाऱ्यांमध्ये ‘पेंटॅगॉन चॅलेंज’ प्रसिद्ध आहे. युरोप, दक्षिण अमेरिका, उत्तर अमेरिका, आफ्रिका आणि आशिया या पाचही ठिकाणची सर्वोच्च क्लब स्पर्धा एकाच कारकिर्दीत जिंकायची. ऐकायला साहस वाटतं, पण यशस्वी मॅनेजरनं मोठी खुर्ची सोडून दुसऱ्या खंडात पुन्हा धूळ खायला जायचं म्हणजे मन घट्ट करावं लागतं.

आणि मरणाची जागा तीच. प्रत्येक बदलीनंतर पंचवीस अनोळखी नावं समोर येतात. दोनदा झालं तर गंमत, सहाव्यांदा ओझं. नावं, चेहरे, नाती लक्षात ठेवण्यात ज्यांना रस आहे त्यांनी या वाटेला जाऊ नये. ज्यांना डावपेचांची खाज आहे आणि तिसऱ्या सीझनला तोच संघ बघून जांभई येते, त्यांच्यासाठी हीच.

फक्त अकादमी

नियम एका ओळीचा. एकही खेळाडू विकत, उसना किंवा फुकट घ्यायचा नाही, दरवर्षी अकादमीतून येईल त्या तुकडीवरच खेळायचं. विकायला हरकत नाही.

माझा सगळ्यांत लाडका प्रकार हा, आणि सगळ्यांत जास्त शिव्याही मी यातच घातल्यात. ट्रान्सफरचा बाजार बंद केला की गेमचा निम्मा भाग नाहीसा होईल असं वाटतं. होतं उलटंच. एरवी ज्या पडद्यांवर वर्षानुवर्षं जाणं होत नाही, ते सगळे जिवंत होतात. अकादमीच्या सुविधा, कुमार प्रशिक्षण, नव्या मुलांचा शोध, कोण कुणाबरोबर मेंटॉरिंग गटात (जाणत्यांनी पोरांना वळण लावायच्या गटात) आहे. युवा विकास प्रमुख नेमताना मी आधी त्याचा स्वभाव बघतो, कारण येणाऱ्या मुलांच्या स्वभावावर त्याची छाया पडते. प्रमुख आळशी असला तर एखादी गुणी तुकडी फुकट जाते.

वर्षातला सण म्हणजे इनटेकचा, अकादमीची नवी तुकडी येण्याचा दिवस. इंग्लंडमध्ये तो साधारण मार्चमध्ये येतो. काही महिने आधी अंदाज येतो, की यंदा मधल्या फळीत चांगली पोरं आहेत, गोलकीपरची बाजू लंगडी. तिसऱ्या सीझनला माझ्याकडे धड गोलकीपरच नव्हता. जो होता त्याचं हवेतल्या चेंडूवरचं कौशल्य वीसपैकी चार. प्रत्येक कॉर्नरला मी डोळे मिटायचो. मार्चमध्ये यादी उघडली आणि सर्वांत खाली सहा फूट पाच इंचांचा सोळा वर्षांचा पोरगा. स्वभाव ‘प्रोफेशनल’. मी खुर्चीतून उठून खोलीत एक फेरी मारून आलो.

पण इंग्लंडमध्ये मुलगा सतरा वर्षांचा होईपर्यंत त्याच्याशी व्यावसायिक करार करता येत नाही. तोवर बडा क्लब ठरलेली भरपाई तोंडावर फेकून त्याला घेऊन जाऊ शकतो. माझा तो पोरगा वाचला. दोन वर्षांनी आलेला डावखुरा विंगर सतराव्या वाढदिवसाला अकरा दिवस बाकी असताना गेला.

ताऱ्यांना फसू नका. सहायकानं दिलेले पाच तारे तुमच्याच संघाच्या तुलनेतले असतात. सहाव्या श्रेणीत पाच तारे म्हणजे कदाचित तिसऱ्या श्रेणीत चालून जाईल एवढंच. गेम आत एक ते दोनशेच्या मापावर सध्याची क्षमता आणि कमाल क्षमता धरून ठेवतो. ते आकडे दाखवणारी साधनं मिळतात, पण या सेव्हमध्ये ती वापरलीत तर सणातली हवाच निघून जाते.

ही सेव्ह मरते ती दुसऱ्या ते पाचव्या सीझनमध्ये. जुने खेळाडू गेलेले, नवे कच्चे, वर पदावनतीची तलवार. बढतीच्या घाईत असलेल्यांचं इथं काम नाही. पण सहावा सीझन गाठला तर ती सहजासहजी मरत नाही, कारण संघातला प्रत्येक जण तुमच्या डोळ्यांसमोर वाढलेला असतो.

एवढं कडक पथ्य झेपत नसेल तर स्पेनमधल्या बिल्बाओचा ॲथलेटिक क्लब घ्या. तो बास्क प्रदेशात जन्मलेल्या किंवा घडलेल्या खेळाडूंवरच खेळतो आणि तरीही ला लीगातून कधीच खाली गेलेला नाही. बाजार उघडा राहतो, फक्त दार अरुंद होतं.

अख्ख्या लीगला वर आणणं

छोट्या देशातला क्लब घेऊन त्या देशाची लीगच मोठी करायची, असाही एक खटाटोप आहे. सगळ्यांत संथ आणि हिशेबी माणसांसाठी.

खटाटोप अशासाठी, की युरोपीय फुटबॉल संघटना युएफा देशांची क्रमवारी ज्यावर लावते त्या गुणांकात विजयाला दोन आणि बरोबरीला एक गुण, पात्रता फेऱ्यांत त्याच्या निम्मे, आणि येणारी बेरीज त्या देशाच्या युरोपात खेळणाऱ्या सगळ्या क्लबांत भागली जाते. तुमच्या क्लबनं मुख्य फेरीत सहा सामने जिंकून बारा गुण आणले आणि देशाचे चार क्लब उतरलेले असतील, तर देशाच्या खात्यात पडले तीन. बाकीचे तिघं पहिल्याच फेरीत गारद झाले तर तुमची सगळी धावपळ चौथाईवर आली. क्रमवारी पाच सीझनच्या बेरजेवर ठरते, म्हणजे एका चांगल्या वर्षानं काही होत नाही.

त्यात खरी मेख पैशाची. युरोपातलं बक्षीस तुम्हालाच मिळतं, तुम्ही दांडगे होता, शेजारी आणखी दुबळे. मग प्रतिस्पर्ध्यांना आपलेच बरे खेळाडू स्वस्तात विकायचे, उसने द्यायचे, आणि ते जिंकले तर मनातल्या मनात टाळ्या वाजवायच्या. मी ही एकदाच नऊ सीझन खेचली. आवडली, पण पुन्हा करणार नाही. तुम्हाला तक्ते बघून आनंद होत असेल तर तुमचं माझ्यापेक्षा बरं चालेल.

सुरू करण्याआधी

मशीन जुनं असेल तर भटक्या मॅनेजरची वाट जपून. तिला बऱ्याच देशांच्या लीग खेळण्याजोग्या लागतात आणि प्रत्येक लीग दिवस पुढं सरकण्याचा वेग खाते. अकादमी किंवा एका क्लबसाठी आपला देश आणि दोन-तीन मोठ्या लीग पुरतात. लीग नंतरही जोडता येतात, त्या पुढच्या सीझनपासून चालू होतात. म्हणून सुरुवातीलाच तीस देशांवर टिक करून बसू नका.

आवृत्तीचं म्हणाल तर एफएम (फुटबॉल मॅनेजर) २५ हा फेब्रुवारी २०२५ मध्ये रद्दच झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेला एफएम २६ युनिटी इंजिनावर (गेम बनवायच्या नव्या सॉफ्टवेअरवर) आहे, त्याची मांडणी मुळापासून बदलली आणि महिला फुटबॉलही त्यात आलं. एफएम २४ हाताला बसलेला असेल तर चारशे तासांची सेव्ह त्यातच करायला काही बिघडत नाही. २०२३ मध्ये सतरा वर्षांचा असलेला खेळाडू २०४० मध्ये चौतिशीचा होतो. म्हणजे लांब सेव्हच्या उत्तरार्धात खरी नावं जवळजवळ उरतच नाहीत, सगळे गेमनं जन्माला घातलेले न्यूजेन. तेव्हा डेटाबेस ताजा आहे की दोन वर्षं जुना, यानं काय फरक पडतो?

कुठलीही वाट घ्या, आपोआप होणारी सेव्ह तीन फायलींत फिरती ठेवा. माझी अकादमीची सेव्ह एकाच फाइलवर होती. चौदाव्या सीझनच्या फेब्रुवारीत ती फाइल उघडेनाशी झाली. इनटेकला तीन आठवडे होते.