टिंब! डोमेनवाल्याचं डीएनएस पॅनल, अकरा महिन्यांनंतर

वहिनींच्या फराळाच्या वेबसाइटसाठी डोमेन घेतलं गेल्या नोव्हेंबरात. पहिल्या वर्षाला 149 रुपये, म्हणून. नूतनीकरणाचे 899 बारीक अक्षरांत होते आणि माझा चष्मा गाडीत. डीएनएस म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी व्यवस्था. तिच्या पॅनलवर साइटचा पत्ता सांगणारा ए रेकॉर्ड एकदा टाकला, साइट चालू झाली, पुढे दहा महिने पॅनलचं तोंड पाहिलं नाही. तेव्हा विचारलं असतंत तर डोळे झाकून पाच तारे दिले असते.

सप्टेंबरात ईमेल दुसऱ्या सेवेकडे नेली. मेल कुठल्या सर्व्हरकडे जायची ते सांगणाऱ्या एमएक्स रेकॉर्डमध्ये त्यांनी दिलेला पत्ता जसाच्या तसा चिकटवला, हिरवी खूण आली, झोपलो. सकाळी वहिनींच्या न्यू जर्सीच्या मैत्रिणीचा मेसेज: "अगं, ऑर्डरची मेल परत आली." परदेशी पार्सलांचे ऐन बुकिंगचे दिवस, आणि त्या ऑर्डरी सगळ्या मेलवर!

सपोर्टच्या चॅटवर उत्तर, "सर, प्रोपगेशनला 24 ते 48 तास लागतात." (प्रोपगेशन म्हणजे बदल सगळीकडे पोचणं.) तीन वेगवेगळ्या नावांच्या माणसांनी हेच वाक्य शब्दाचाही फरक न करता ऐकवलं. चौथ्याने 599 रुपयांचं 'प्रीमियम डीएनएस' गळ्यात मारलं. घाबरलेला माणूस घेतो, मीही घेतलं. आमच्या डोमेनची उत्तरं देणारे नेमसर्व्हर दोनाचे चार झाले, म्हणजे चुकीचं उत्तर आता चार ठिकाणांहून मिळायला लागलं.

शेवटी भाच्याने लॅपटॉपवर डीएनएसला थेट विचारणारा डिग हा प्रोग्राम चालवून दाखवला. नव्या मेलसर्व्हरच्या पत्त्याला आमच्याच डोमेनचं शेपूट! पत्त्याच्या शेवटी टिंब नसेल तर हे पॅनल तो अर्धवट धरतं आणि मागे आपलं डोमेन जोडून मोकळं होतं. 'अमुक डॉट कॉम'चं झालं 'अमुक डॉट कॉम डॉट आमचं डॉट इन'. असा सर्व्हर उभ्या जगात नाही. बरं, रेकॉर्डच्या यादीत मात्र मी लिहिलेलाच पत्ता दिसतोय. जोडलेलं शेपूट कुठेच नाही. मी तो पत्ता वीस वेळा तरी अक्षर अक्षर लावून तपासला असेल.

टिंब टाकलं. पण टीटीएल, म्हणजे उत्तर साठवून ठेवायचा काळ, ठरलेला 14400 सेकंदांचा, म्हणजे चार तास. ज्या सर्व्हरांनी चुकीचं उत्तर साठवलंय ते मुदत संपेपर्यंत तेच वाटत बसणार. आता 300 करून काय उपयोग, ते आदल्या दिवशी करायचं असतं. चार तास वहिनी माझ्याशी बोलल्या नाहीत.

इथवर रागाच्या भरात लिहून ठेवलं होतं, एक तारा देऊन. नंतर कळलं की टिंबाचा नियम यांच्या घरचा नाही. डीएनएस रचणाऱ्या पॉल मोकापेट्रिस यांनी 1987 साली लिहिलेल्या आरएफसी 1034 आणि 1035 या इंटरनेटच्या मानकांपासून तो तसाच आहे: शेवटी टिंब म्हणजे नाव पूर्ण. म्हणून एक तारा परत देतो. पण नियम जुना आहे म्हणून जोडलेलं शेपूट लपवायचं हे कुठलं शहाणपण? दोनाच्या वर जाणार नाही.

दिवाळी आटोपल्यावर नेमसर्व्हर एका फुकट सेवेकडे वळवले. तिने जुने रेकॉर्ड आपणहून शोधून आणले, फक्त डीकेआयएमचा, म्हणजे मेल खरंच आपल्याकडूनच आल्याची खूण पटवणारा, सुटला. त्याच्या नावात मेलसेवेने ठरवलेला शब्द असतो, बाहेरून कोण ओळखणार? तो हाताने टाकला. 2048 बिटांची ती लांबलचक किल्ली 255 अक्षरांच्या एका तुकड्यात मावत नाही. जुन्या पॅनलवर मी ती मोजून मोजून कापली होती, इथे अख्खी चिकटवली, तुकडे त्या सेवेने आपणच केले. आणि पत्ता लिहिताना पूर्ण नाव खाली दिसतं! फुकटात!

प्रीमियमचे 599 परत मागितले. "सर, सेवा सुरू झाल्यावर परतावा नाही." नूतनीकरणाच्या 899 ची आठवण आता रोज दोनदा मेलवर येते. त्यांची एकही मेल अजून चुकलेली नाही.