कागदी यान: आठ महिने आणि तीन मिलिमीटर

यान पुरं झालं की फोटोसकट लिहायचं ठरवलं होतं. पण आत्ताच झेरॉक्सच्या दुकानात भांडून आलोय, त्यामुळे राहवत नाही.

जानेवारीपासून कागदाची यानं करतोय. पहिलं शनीकडे गेलेलं कॅसिनी केलं, नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेने त्याचा आराखडा फुकट दिलेला आहे. पण खऱ्या यानांना दांड्या फार, आणि कागदाची दांडी करणं म्हणजे घरी बसून उदबत्त्या वळणं. म्हणून कल्पनेतल्या यानांकडे वळलो. मे महिन्यात कुणा परदेशी हौशी माणसाने फुकट ठेवलेला चौदा पानी आराखडा उतरवून घेतला. पुढे तबकडी, तिच्यामागे नळीसारखी मान, मानेच्या टोकाला इंजिनं.

खर्चाचं आधी सांगतो, माझ्यासारख्याला तोच पहिला प्रश्न असतो. २०० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाच्या) कार्डशीटवर कलर लेझर प्रिंट मला लालबागला १८ रुपये पान पडते. चौदा पानांचे २५२. प्लॅस्टिकच्या किटांचे भाव बघून आलात तर हा आकडा तुम्हाला गोड लागेल. कापायला हॉबीच्या दुकानातली महागडी सुरी घेऊ नका. केमिस्टकडे स्काल्पेलचा, म्हणजे डॉक्टरांच्या सुरीचा, तीन नंबरचा दांडा आणि अकरा नंबरची ब्लेडं मागा. आमच्या केमिस्टने माझ्याकडे दोनदा निरखून पाहिलं, पण दिली. घडीची रेघ मारायला रिफिल संपलेलं बॉलपेन. याहून चांगलं हत्यार मला तरी सापडलेलं नाही.

आता तबकडी. हे एकट्याने बसून कळलं तेव्हा झालेला आनंद अजून उतरलेला नाही. कागद एका वेळी एकाच दिशेला वळतो. त्याची नळी होते, शंकू होतो, चेंडू होत नाही. मग उडती तबकडी करायची कशी? दोन अगदी चपटे शंकू तोंडाला तोंड लावून. आराखड्यात तबकडीची त्रिज्या ६० मिलिमीटर आणि शंकूची तिरकी बाजू ६२. म्हणजे पूर्ण वर्तुळातून जेमतेम १२ अंशांची फोड कापून टाकायची आणि कडा जुळवायच्या. तेवढ्याने सपाट कागद हलकेच फुगून वर येतो. रात्री साडेबाराला बायकोला उठवून दाखवलं. ‘झाकण छान झालंय,’ म्हणाली आणि कूस बदलली.

पावसाळ्याबद्दल फार लिहीत नाही, मुंबईकरांना काय सांगायचं. कागदाचे तंतू ओल खाऊन लांबीपेक्षा जाडीत जास्त फुगतात, म्हणून शीट एकाच बाजूला पसरतं आणि वाकतं. त्यात फेव्हिकॉल पाण्याचाच. टूथपिकच्या टोकावर येईल तेवढाच लावायचा, कान, म्हणजे तुकड्याच्या कडेची चिकटवायची पट्टी, दाबून वीस आकडे मोजायचे. आमच्या मजल्यावरचे अण्णा थर्माकोलवर बंदी येण्याच्या कितीतरी आधीपासून पुठ्ठ्याची मखरं करतात. त्यांनी सांगितलं, ‘खळ लाव, आणि खळीत चिमूटभर मोरचूद घाल. कसर लागणार नाही.’ कसर लागली नाही हे खरं. पण खळीतलं पाणी पिऊन यानाचा एक पंख वाळत घातलेल्या पापडासारखा वळला. अण्णांना दाखवला नाही.

लेझर घ्यावं की इंकजेट, यावर माझं मत लेझर. लेझरचा रंग कागदावर थरासारखा बसतो, त्यामुळे घडीवर तडकतो आणि पांढरी रेघ दिसते. ती राखाडी स्केचपेनने झाकता येते. साध्या इंकजेटच्या शाईला ओल्या फेव्हिकॉलचं बोट लागलं की ती पसरते, तिला काही इलाज नाही.

आता भांडण. यानाची पहिली नऊ पानं मी मे महिन्यात झेरॉक्सच्या दुकानाच्या शेठकडून छापून घेतली. तबकडी, मान, पंख, सगळं त्यातच. तीन महिने रात्री बसून जोडलं. उरलेली इंजिनांची पाच पानं गेल्या आठवड्यात त्याच दुकानात छापली. शेठ गल्ल्यावर होते, मशीनवर नवा पोरगा. घरी येऊन इंजिनाची गोल फासळी मानेच्या नळीत घालायला गेलो तर जाईना. मोजलं. फासळी ५० मिलिमीटर, नळी ४७. तीन मिलिमीटर! कागदकामात अर्ध्या मिलिमीटरला जीव खालीवर होतो, इथे तीन. आज पानं घेऊन दुकानात गेलो आणि पोराला चांगलं झापलं, ‘अरे, मोठं कशाला छापलंस?’ तो म्हणत राहिला, ‘काका, बरोबरच आहे, आहे तेवढंच छापलंय.’ शेठने त्याच्यावर ओरडून पाचही पानं पुन्हा काढून दिली, पैसे घेतले नाहीत. घरी येऊन मोजतो तर पुन्हा ५०. या पोराला मशीन येत नाही. दुकान बदलणार.

इथवर रविवारी लिहिलं होतं. आज गुरुवार आहे. वरचं खोडत नाही, पण चूक माझीच निघाली.

आराखड्याच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक बारीक रेघ असते, तिच्याखाली ‘५० मिमी’ लिहिलेलं असतं. आठ महिन्यांत मी ती एकदाही मोजली नव्हती, मला ती नक्षी वाटायची. मुलीच्या कंपासमधली पट्टी लावली. पोराच्या पानांवर रेघ नेमकी ५०. शेठच्या मे महिन्यातल्या पानांवर ४७.

आराखडा अमेरिकन आहे आणि त्यांचा कागद ‘लेटर’, २१६ बाय २७९ मिलिमीटर. आपला ए-फोर २१० बाय २९७, रुंदीला सहा मिलिमीटरने कमी. शिवाय मशीन कडेला चार-चार मिलिमीटर छापतच नाही. शेठने ‘फिट’ दाबलं, मशीनने २१६ रुंदीचं पान २०२मध्ये बसवलं, आणि सगळं यान ९४ टक्क्यांवर आलं. पोराने ‘अ‍ॅक्चुअल साइज’वर छापलं, तेच बरोबर. आराखड्याच्या पानावर दोन्ही बाजूंना मोकळी जागा आहे, त्यामुळे ए-फोरवर काही कापलंही जात नाही. म्हणजे मी ज्याला मोठं म्हणून भांडलो तोच मूळ आकार, आणि तीन महिने जिवापाड जपलेलं यान आकाराने खोटं.

पुन्हा नऊ पानं छापून पहिल्यापासून करायची तयारी नाही. १६२ रुपये आणि एक पावसाळा. बुधवारी मुकाट्याने त्याच दुकानात गेलो. पोरानेच विचारलं, ‘काका, आज काय?’ म्हटलं, ‘इंजिनं ९४ टक्क्यांवर काढ.’ त्याने मशीनवर ९४ टाकलं आणि आधी एकच पान काढून माझ्यासमोर धरलं. मी खिशातून पट्टी काढली. ४७. मग उरलेली चार.

रात्री फासळी नळीत किंचित घासत गेली आणि बसली. आता यान दहा पावलांवरून बघितलं तर मानेचा जोड दिसतही नाही. तुम्ही मात्र एक पान आधी काढून घ्या आणि पट्टी जवळ ठेवा. झेरॉक्सवाल्याला ‘फिट’ची सवय असते, त्याच्याकडे येणारी निम्मी माणसं आधार कार्ड छापायला येतात.

रविवारी फुकट काढून दिलेल्या पाच पानांचे ९० रुपये मी अजून दिलेले नाहीत. बुधवारी खिशात होते. पण शेठ गल्ल्यावर होते, आणि द्यायचे म्हणजे का ते सांगावं लागणार.