नासाचे ‘वर्ल्डव्ह्यू’ : सांगलीच्या वर्गात अरबी समुद्र

कृष्णेला पूर आला की सांगलीत कोयना आणि अलमट्टीच्या विसर्गाची चर्चा होते. परंतु ते पाणी ज्या अरबी समुद्रावरून बाष्परूपाने येते, तो आमच्या विद्यार्थ्यांना नकाशातील निळ्या रंगापलीकडे फारसा माहीत नसतो. भूगोल शिकवताना ही उणीव भरून काढण्यासाठी मी नासाचे ‘वर्ल्डव्ह्यू’ हे संकेतस्थळ नियमितपणे वापरते आणि प्रत्येक शिक्षकाने ते वापरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते विनामूल्य आहे आणि त्यावरील बरीचशी चित्रे उपग्रहाने टिपल्यानंतर काही तासांतच पाहता येतात.

या संकेतस्थळावर नकाशावर माहितीचे वेगवेगळे थर चढवता येतात; त्यांत सर्वांत मोलाचा मला हरितद्रव्याचा (क्लोरोफिलचा) थर वाटतो. समुद्रातील वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म वनस्पतिसदृश जीव, निळा प्रकाश शोषून घेतात; त्यामुळे पाण्यातून परतणाऱ्या निळ्या आणि हिरव्या प्रकाशाच्या प्रमाणावरून हरितद्रव्याचा अंदाज बांधता येतो. फेब्रुवारी-मार्चमधील उत्तर अरबी समुद्राचे चित्र उघडावे: हिवाळ्यातील कोरड्या ईशान्य वाऱ्यांनी थंड झालेले वरचे पाणी खाली जाते, खालची पोषकद्रव्ये वर येतात आणि मग प्लवकांची जी भरभराट होते, तिचे शेकडो किलोमीटर पसरलेले हिरवे भोवरे पडद्यावर उमटतात. पुस्तकातील चार ओळींनी जे साधत नाही, ते हे एक चित्र साधते. किनाऱ्यालगत मात्र सावध राहावे. महाबळेश्वरी उगम पावणारी सावित्री बाणकोटच्या खाडीत गाळ आणते, तेव्हा अशा गढूळ पाण्यात हरितद्रव्याचे आकडे फसवे ठरू शकतात.

दोन तारखांची चित्रे शेजारी ठेवून तुलना करण्याची सोयही उत्तम आहे. ऑक्टोबर २०१९ मधील सागरपृष्ठाच्या तापमानातील विचलनाचा थर लावला, तर पश्चिम हिंदी महासागर नेहमीपेक्षा उष्ण आणि सुमात्रालगतचा भाग थंड, असे हिंदी महासागराच्या दोन टोकांमधील तापमानभेदाचे, म्हणजेच ‘धन द्विध्रुवा’चे, ठळक रूप दिसते. अर्थात, त्याच वर्षीच्या ऑगस्टमधील महापुराचे कारण या एका चित्रावरून सांगू नये, हे विद्यार्थ्यांना आवर्जून बजावावे लागते.

ज्या जून ते सप्टेंबरच्या काळात आपल्याला समुद्राविषयी सर्वाधिक कुतूहल असते, त्याच काळात ढग त्याला झाकून टाकतात, ही खरी मर्यादा आहे. दृश्य प्रकाश आणि अवरक्त किरण ढगांपलीकडून येऊ शकत नाहीत. सूक्ष्मलहरी येतात, पण त्यांतून मिळणारे तपशील ढोबळ असतात. तापमानाचे जे अखंड नकाशे येथे दिसतात, ते अवरक्त आणि सूक्ष्मलहरी या दोन्ही प्रकारच्या मोजमापांची समुद्रातील उपकरणांच्या नोंदींशी सांगड घालून गणिताने तयार केलेले असतात, हे न सांगता ते वर्गात दाखवणे मला योग्य वाटत नाही. शिवाय अवरक्त संवेदकाला पाण्याच्या मिलिमीटरहूनही पातळ अशा वरच्या थराचेच तापमान कळते. खोलीवरील उष्णतेसाठी ‘आर्गो’ तरंडांकडे, म्हणजे समुद्रात खोलवर जाऊन मोजमाप करणाऱ्या स्वयंचलित तरंगत्या उपकरणांकडे, वळावे लागते.

थरांची नावे आणि वर्णने इंग्रजीत असल्याने आठवी-नववीच्या मुलांना शिक्षकांचे साहाय्य लागेल. त्यांच्यासाठी हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या सागरी माहिती केंद्राची संभाव्य मत्स्यक्षेत्रांची सूचनापत्रेही सोबत ठेवावीत, कारण तापमान आणि हरितद्रव्य यांच्या उपग्रहनोंदींवरूनच ती तयार होतात आणि मच्छीमारांना स्थानिक भाषांत दिली जातात. नोव्हेंबर २०२२ मध्ये श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या ‘ओशनसॅट-३’ या भारतीय उपग्रहावर सागराचा रंग, पृष्ठीय तापमान आणि वारे मोजणारी उपकरणे एकत्र बसवण्यामागचा हेतू अशा सूचनापत्रांवरून मुलांना सहज उमगतो.