एफएस८०० की एफजी८००: बोटांनी वाजवणाऱ्यांसाठी, भुसावळच्या उन्हाळ्या-पावसाळ्यानंतर

माझ्याकडच्या यामाहा एफएस८०० गिटारने भुसावळचा एक अख्खा उन्हाळा आणि एक पावसाळा काढलाय, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. जुनी एफ३१० घरात होतीच, आणि मित्राची एफजी८०० बरेच महिने माझ्याकडेच होती, म्हणून तिन्ही एकाच खोलीत, एकाच जातीच्या तारा लावून वाजवता आल्या. पिक (तार छेडायची चकती) मी वापरत नाही, सगळं बोटांनी, तेव्हा स्ट्रमिंगवाल्यांनी, म्हणजे सगळ्या तारा एकदम छेडणाऱ्यांनी, हे त्या हिशोबाने वाचा.

एफएस आणि एफजी दोघींचा टॉप (वरची फळी) सॉलिड, म्हणजे अख्ख्या स्प्रूस लाकडाचा, आतली ब्रेसिंग (टॉपला आधार देणाऱ्या पट्ट्या) पण स्कॅलप्ड, म्हणजे कोरून हलकी केलेली, फरक मुख्य म्हणजे अंगाचा आणि स्केलचा (तारेच्या वाजणाऱ्या लांबीचा). एफजी ड्रेडनॉट, म्हणजे मोठ्या अंगाची, स्केल ६५० मिमी, एफएस लहान अंगाची, ६३४ मिमी. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो पण हातात लगेच कळतो. मी सध्या कानबाईच्या गाण्यांच्या चाली बसवतोय, श्रावणात आमच्याकडे बायका रात्र जागवून म्हणतात त्या. अंगठ्यावर ठेका आणि मधल्या बोटावर, अनामिकेवर चाल. या चाली चार-पाच सुरांतच घोळतात, त्यामुळे एकेक सूर सुटा ऐकू आला नाही तर सगळा गोंधळ होतो. एफजीवर अंगठ्याने सहावी, सगळ्यात जाड तार हलकी छेडली तरी खर्ज इतका लांबतो की वरची चाल त्याखाली दबते, मग तळहाताने तार दाबत बसा. एफएसवर खर्ज लवकर आवरतो आणि पहिल्या-दुसऱ्या तारेचा सूर मोत्यासारखा वेगळा पडतो. शिवाय बोट हळू लावलं तरी ती बोलते, मोठ्या अंगाच्या गिटारला जागं करायला जरा जोर लावावा लागतो. रात्री घरचे झोपल्यावर वाजवणाऱ्याला याची किंमत कळेल.

एफ३१० चा टॉप लॅमिनेट, म्हणजे थर चिकटवून केलेला. आवाज ठीक, पण जोरात आणि हळू वाजवण्यातला फरक तिच्यात फारसा उमटत नाही, आणि फिंगरस्टाइलचा, म्हणजे बोटांनी वाजवण्याचा, जीव तर त्यातच असतो.

एफएसचा नट (नेकच्या वरच्या टोकाची, तारा ज्यावरून जातात ती पट्टी) ४३ मिमी रुंद आहे. बोटं जाड असतील तर खाली कॉर्ड धरताना शेजारच्या तारेला बोट लागू शकतं, ओएम (ड्रेडनॉटपेक्षा लहान अंगाच्या) प्रकारच्या गिटारीत साधारण ४४-४५ मिमी मिळतं, ती एकदा हातात घेऊन बघाच.

आता खरा मुद्दा, हवामान. खान्देशात राहून सॉलिड टॉप घेताय तर हे आधी समजून घ्या, कारण पुण्या-मुंबईच्या रिव्ह्यूमध्ये हे कोणी सांगत नाही. सॉलिड टॉपला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, आणि खोलीतला आर्द्रतेचा काटा दुपारी २० च्या खाली. कूलर लावला की तोच काटा ६० वर, सकाळी बंद केला की परत खाली. हे रोजचं वर-खाली लाकडाला सगळ्यात वाईट. मेच्या मध्यावर नेकच्या (दांडीच्या) कडेने हात फिरवला तर फ्रेटची (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची) टोकं टोचायला लागली, म्हणजे फिंगरबोर्ड (फ्रेट बसवलेली लाकडी पट्टी) आक्रसला. टॉप पण किंचित खाली बसला, ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) उतरली आणि खालच्या फ्रेटवर सहावी तार खरखरायला लागली. मग साबणाच्या डबीला भोकं पाडून त्यात ओला करून घट्ट पिळलेला स्पंज, ती डबी हार्ड केसमध्ये, आणि वाजवून झालं की गिटार लगेच केसमध्ये. आठवडाभरात खरखर गेली. टोकं आत जायला पाऊस पडावा लागला.

पावसाळ्यात सगळं उलटं. टॉप फुगतो, बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेखाली जे अडीच मिमी होतं ते तीनच्या वर गेलं, आवाज पण जरा दमट, बसका. अशा वेळी लोक लगेच ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) फिरवतात, पण त्याने नेकचा बाक बदलतो, फुगलेला टॉप नाही. आधी केसमध्ये सिलिका जेल टाका, थोडे दिवस थांबा. त्यानंतरही ॲक्शन जास्त राहिली तरच सॅडल (टॉपवर तारा टेकतात ती छोटी पट्टी) खालून घासायचं, आणि लक्षात ठेवा, बाराव्या फ्रेटवर अर्धा मिमी कमी हवं असेल तर सॅडल एक मिमी घासावं लागतं. थोडं घासून, तारा चढवून, बघून मग पुढे. घासलेलं परत येत नाही.

एफ३१० या सगळ्यात जशीच्या तशी. लॅमिनेटमध्ये पातळ थर आडवे-उभे चिकटवलेले असतात, त्यामुळे ती फार हलत नाही. ज्याला हार्ड केस, डबी, काटा हे सांभाळणं जमणार नाही, किंवा जो गिटार घेऊन जळगाव-धुळे एसटीने फिरतो, त्याने बिनधास्त लॅमिनेटच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. आणि काही झालं तरी मेमध्ये ऑनलाइन मागवू नका, तापलेल्या गोदामात, गाडीत पडून राहिली तर ब्रिजखालचा (टॉपवर तारा अडकवतात त्या लाकडाखालचा) डिंक सैल होऊ शकतो.

एक गोष्ट मात्र एफजीच्या बाजूने. डीएडीजीएडीसारख्या (सहावीपासून पहिलीपर्यंत तारा डी-ए-डी-जी-ए-डी सुरांत) खाली उतरवलेल्या ट्यूनिंगमध्ये एफएसची सहावी तार छोट्या स्केलमुळे ढिली पडते, जरा जोर लागला की फ्रेटवर आपटते. मी ०.०१२ ऐवजी ०.०१३ चा (पहिल्या तारेची जाडी, इंचात) जाड सेट लावून काम भागवतो, पण मग वरच्या तारा बोटांना कडक लागतात. तुमचं बहुतेक वाजवणं अशाच ट्यूनिंगमध्ये असेल तर एफजी घ्या.