झायलीन सोडून लिमोनीन: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

डी-लिमोनीनचा पाच लिटरचा कॅन घेऊ नका. घाईत असाल तर एवढंच वाचा आणि जा, कारण डी-लिमोनीनबद्दल जे काही वाईट बोललं जातं त्यातलं निम्मं त्या कॅनमुळे आहे असं माझं आता पक्कं मत झालंय.

मी फोंड्याजवळच्या एका कॉलेजात झूलॉजीची लॅब सांभाळते. हिस्टॉलॉजी, म्हणजे टिश्यूचे पातळ काप करून मायक्रोस्कोपखाली बघणं, बारमाही चालू असते, आणि त्यात जास्त करून झुआरी नदीतल्या तिसऱ्या (शिंपल्या), म्हणजे कुठल्या महिन्यात त्यांचे गोनाड (प्रजनन ग्रंथी) भरतात, कधी रिकामे होतात, यावर एमएससीच्या मुलांचे प्रोजेक्ट. टिश्यू वॅक्सच्या ब्लॉकमध्ये बसवायच्या आधी त्यातलं अल्कोहोल काढून वॅक्स शिरू शकेल असं द्रव आत घालावं लागतं, त्याला क्लिअरिंग म्हणतात, आणि ते काम आमच्याकडे झायलीन करायचं. आमच्याकडे फ्यूम हूड (वाफा बाहेर ओढणारं कपाट) एक आणि टेबलं पाच, पावसात खिडक्या बंद, दुपार झाली की सगळ्यांची डोकी धरलेली. म्हणून उन्हाळ्याच्या आधी संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन मागवलं. भाव आमच्या बिलात झायलीनच्या दुपटीच्या वर गेला, तरी प्रिन्सिपलनी सही केली, कारण झायलीनचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ पेट घेऊ शकते तो) २७ अंशांच्या आसपास आणि याचा ४८ च्या आसपास, हा मुद्दा त्यांना लगेच पटला. (४८ म्हणजे पेटत नाही असं नाही हां, बर्नरपासून दोन्ही लांबच ठेवायची.)

पहिले काही आठवडे मी अगदी खूश होते. तिसरीचा पाय हा मेला चिवट मसल, झायलीनमध्ये थोडा जास्त वेळ राहिला की कडक होऊन मायक्रोटोमवर (पातळ काप काढायच्या यंत्रावर) चुरा पडायचा, रिबन (कापांची सलग पट्टी) मध्येच तुटायची. लिमोनीनमध्ये तोच टिश्यू मऊ राहिला, ५ मायक्रॉनच्या सलग रिबन निघाल्या, मुलांनी फोटो काढून ग्रुपवर टाकले. एच अँड ई (हेमॅटॉक्सिलिन आणि इओसिन) रंगही स्वच्छ बसला. एकच बदल करावा लागला, वॅक्सचा एक बाथ वाढवला, कारण लिमोनीनचा उकळबिंदू १७६ अंश, झायलीन १४० च्या आसपास, त्यामुळे ६० अंशांच्या वॅक्समधून हे आपणहून फारसं उडून जात नाही, आत राहिलं तर ब्लॉक मऊ पडतो. एवढं सांभाळलं की उत्तम. त्या वेळी मी दुसऱ्या दोन कॉलेजांतल्या मैत्रिणींना फोन करून घ्याच म्हणून सांगितलं होतं.

जून लागला आणि सगळं बिघडलं. ॲब्सोल्यूट, म्हणजे बिनपाण्याच्या, अल्कोहोलमधून लिमोनीनमध्ये टिश्यू टाकला की जार दुधासारखा पांढरा, स्लाईडवर ढग, सेक्शनच्या कडेला धुरकट पट्टे. एका मुलीचा संपूर्ण मे महिन्याचा सेट गेला, ते सॅम्पल परत मिळणार नव्हतं कारण मे परत येत नाही. मला प्रचंड राग आला. सप्लायरला फोन केला तर तो म्हणतो मॅडम पावसात असंच होतं, सगळ्यांचं होतं. सगळ्यांचं होतं तर कॅनवर लिहा ना, की जून ते सप्टेंबर गोव्यात वापरू नये!

पण यात लिमोनीनवर अन्याय नको, म्हणून नीट तपासलं. पाण्याचं आणि याचं अजिबात पटत नाही, झायलीनपेक्षाही कमी, आणि आमच्याकडे पावसात हवेतला दमटपणा ९० टक्क्यांच्या वर जातो, कॉमन टेबलावरचा अल्कोहोलचा जार दिवसभर उघड-झाक होत असतो, तो ॲब्सोल्यूट कसा राहील? कॉपर सल्फेट तव्यावर तापवून पांढरं केलं, जारच्या तळाला घालून वर फिल्टर पेपर ठेवला. जुनीच युक्ती आहे, पाणी आलं की ते निळं पडतं. सकाळी घातलेलं संध्याकाळपर्यंत निळं! तेव्हापासून शेवटच्या अल्कोहोलचा जार घट्ट झाकणाचा, तळाला कॉपर सल्फेट, निळं दिसलं की बदलायचा, आणि त्यानंतर अल्कोहोल-लिमोनीन अर्धं-अर्धं असा एक टप्पा घालून मग शुद्ध लिमोनीन. ढग गेले. म्हणजे ही तक्रार मी मागे घेतली, इतकंच की झायलीन थोडं पाणी खपवून घेतं, हे घेत नाही, हे विकणाऱ्याने सांगायला हवं.

आता कॅन.

ऑगस्टमध्ये वास बदलला. आधी संत्रं सोलल्यासारखा गोड वास यायचा, तो जाऊन रंगाच्या दुकानात येतो तसला उग्र वास यायला लागला, त्यात थोडा शहाजिऱ्याचाही. तो कार्वोनचा वास. लिमोनीन हवेतल्या ऑक्सिजनशी हळूहळू लागत राहतं, आधी हायड्रोपेरॉक्साइड तयार होतात, मग पुढे कार्वोन, कार्व्हिऑल, लिमोनीन ऑक्साइड. कॅन पाच लिटरचा, आमचा खप थोडा, म्हणजे महिनोन्महिने अर्धा कॅन तेल आणि अर्धा कॅन हवा, आणि दर वेळी ओतताना नवी हवा आत. त्यात त्या झाकणाच्या आतली मऊ प्लॅस्टिकची चकती तेल पिऊन फुगली, वाकडी झाली, झाकण बसेना. लिमोनीन पॉलिथिनमध्ये शिरतं ही काही नवी गोष्ट नाही, खोक्यातल्या संत्र्याच्या ज्यूसचा वास आतल्या पॉलिथिनच्या थरात जिरतो म्हणून फूड टेक्नॉलॉजीवाल्यांनी यावर भरपूर काम केलंय. मग लिमोनीनच्याच डब्याला तसली चकती का लावता?

आणि हा नुसता वासाचा प्रश्न नाही. आमच्या अटेंडंट मावशींच्या बोटांना खाज सुटली, मग पुरळ, मग कातडी फुटायला लागली. मावशी म्हणाल्या संत्र्याचं तेल ना बाई, त्याने काय होतंय. ताज्या, शुद्ध लिमोनीनने फारसं होत नाही हे खरं, पण हवा लागून जुनं झालेलं लिमोनीन त्वचेला ॲलर्जी आणतं, ते हायड्रोपेरॉक्साइडच. स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९० च्या दशकातच हे दाखवलंय, आज स्किनचे डॉक्टर पॅच टेस्टमध्ये लिमोनीनचे हायड्रोपेरॉक्साइड वेगळे लावून बघतात, आणि युरोपात क्रीम-शांपूवर ठरावीक प्रमाणाच्या वर लिमोनीन असेल तर नाव छापावं लागतं ते याचसाठी. कॉलेजच्या स्टोअरमधून येणारे ग्लोव्हज लेटेक्सचे, ते यात फुगतात. मावशींना त्या कामातून काढलं, नायट्राइलचे ग्लोव्हज भांडून आणवले. आता हात बरे आहेत, पण त्यांना यापुढे हे तेल हाताळायला मी देणार नाही.

घरच्या घरी करता येईल अशी टेस्ट सांगते, म्हणजे लॅबमध्येच, हूडखाली. टेस्ट ट्यूबमध्ये थोडं ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड, त्यात चिमूटभर पोटॅशियम आयोडाइड, मग तेवढंच लिमोनीन, हलवून थोडा वेळ ठेवायचं. पेरॉक्साइड असेल तर आयोडीन सुटून पिवळं ते तपकिरी होतं. शेजारी लिमोनीन न घातलेली ट्यूब ठेवा, नाहीतर फसाल. आमच्या कॅनमधलं चहासारखं झालं, आणि त्याच बॅचची एक छोटी सील असलेली सॅम्पल बाटली होती तिच्यातलं जवळजवळ तसंच राहिलं. बॅच एक, तेल एक, फरक फक्त डब्याचा! दोन्ही ट्यूबचा फोटो तारखेसकट सप्लायरला पाठवला. आधी तो एक्सपायरी डेट दाखवत बसला, ती अजून बरीच लांब होती. मी म्हटलं ती सीलबंद डब्याची, उघडल्यावर किती दिवस ते कुठे लिहिलंय? कंपनीच्या टेक्निकल माणसाशी बोलणं करून द्या म्हणून आठवडाभर मागे लागले, तेव्हा कळलं की या पॅकमध्ये अँटिऑक्सिडंट घातलेलंच नाही. बीएचटी हे नेहमीचं अँटिऑक्सिडंट थोडं घातलं तरी ऑक्सिडेशन बरंच लांबतं, खर्च नगण्य. शेवटी उरलेल्या कॅनच्या बदल्यात ब्राऊन काचेच्या ५०० मिलीच्या बाटल्या मिळाल्या, काठोकाठ भरलेल्या. एक उघडली की ती संपेपर्यंत दुसरीला हात नाही, उघडल्याची तारीख मार्करने वर, आणि बाटल्या फ्रिजमध्ये. फ्रिज स्पार्क न होणारा हवा, घरगुती नको. लिटरमागे महाग पडतं, पण निम्मा कॅन फेकून द्यावा लागला तो हिशोब धरला तर स्वस्तच.

माउंटिंगबद्दल, म्हणजे सेक्शनवर कव्हरस्लिप चिकटवण्याबद्दल, मात्र मत सुधारलं नाही. लिमोनीन उडतच नाही लवकर. डीपीएक्समध्ये (कव्हरस्लिप चिकटवायच्या रेझिनमध्ये) मुळात झायलीन असतं, त्यामुळे जमतं दोघांचं, पण कव्हरस्लिप दिवसेंदिवस हलत राहते, पावसात तर विचारूच नका. ओल्या स्लाईड कोणीतरी पॉलिस्टायरीनच्या स्लाईड बॉक्समध्ये ठेवल्या तर खाचा विरघळून स्लाईड चिकटल्या. लिमोनीन पॉलिस्टायरीन सहज विरघळवतं, थर्माकोल रिसायकल करायला ते वापरून बघितलंय ते म्हणूनच. म्हणून आता प्रोसेसिंग आणि डीवॅक्सिंग (स्लाईडवरचं वॅक्स काढणं) लिमोनीनमध्ये, आणि कव्हरस्लिपच्या आधीचं शेवटचं एक डिप फक्त झायलीनमध्ये, हूडखाली. झायलीनचा खप तरी पार खाली आला.

केमिस्ट्रीवाले आमच्याकडून बाटली उसनी नेतात. संत्र्याच्या सालीचं स्टीम डिस्टिलेशन करून आलेलं तेल आणि आमचं लिमोनीन पोलरीमीटरवर शेजारी शेजारी बघायला मुलांना आवडतं, स्पेसिफिक रोटेशन (ध्रुवित प्रकाश किती वळतो ते) +१२४ अंशांच्या आसपास, मोठं आहे त्यामुळे जुन्या पोलरीमीटरवरही दिसतं. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑटो वॉलाख यांना टर्पीनवरच्या (वनस्पतींच्या सुगंधी तेलांतल्या रेणूंवरच्या) कामासाठी १९१० चं नोबेल मिळालं ते याच घराण्यातल्या रेणूंसाठी. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात २००४ साली लिमोनीन ऑक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड जोडून पॉलिमर केलं, म्हणजे साल टाकाऊ आणि गॅसही टाकाऊ. मला हे फार भारी वाटतं, आणि म्हणूनच हे चांगलं केमिकल लोकांनी एका वाईट डब्यामुळे सोडून देऊ नये असं वाटतं.

कॅन्सरचं विचारणारे असतात. नर उंदरांच्या (रॅटच्या, माऊसच्या नव्हे) किडनीत ट्यूमर दिसले होते, पण ते त्यांच्या एका खास प्रोटीनमुळे, जे माणसात नसतं, आणि आयएआरसीने (कॅन्सरवरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने) १९९९ मध्ये लिमोनीन गट ३ मध्ये, म्हणजे माणसात कॅन्सर होतो असं ठरवता येत नाही अशा गटात, ठेवलं.

आणि नैसर्गिक आहे म्हणून सिंकमध्ये ओतू नका, हे हात जोडून सांगते. पाण्यातल्या जीवांना हे अतिशय विषारी असं सेफ्टी शीटवरच असतं. ज्या झुआरीतल्या तिसऱ्यांवर आम्ही काम करतो तिच्यातच जाणार ते. आम्ही वापरलेलं लिमोनीन झायलीनसारखंच वेगळ्या वेस्ट कॅनमध्ये जमवतो आणि ऑथोराइज्ड वेस्टवाल्याकडे देतो.

पुढच्या वर्षीच्या ऑर्डरमध्ये मी तीन अटी घातल्यात: ५०० मिली काचेची बाटली, अँटिऑक्सिडंट असल्याचं लेबलवर लिहिलेलं, आणि प्रत्येक बॅचच्या सर्टिफिकेटवर पेरॉक्साइड व्हॅल्यू. आधीच्या सप्लायरने तिसरी अट जमणार नाही म्हणून कळवलंय, दुसरे दोघे तयार आहेत, त्यांचं कोटेशन यायचंय.