फायर अलार्मच्या बॅटऱ्या: एका उन्हाळ्यानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीत नांदेडमधील आमच्या सोसायटीच्या फायर अलार्म पॅनलमध्ये १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तास क्षमतेच्या दोन नव्या सीलबंद लेड-ॲसिड बॅटऱ्या, एकामागे एक जोडून मिळून २४ व्होल्ट होतील अशा, बसवल्या. हिवाळाभर तक्रारीला जागा नव्हती आणि तेव्हा विचारले असते, तर मी डोळे झाकून शिफारस केली असती. मे महिन्यात रात्री वीज गेली आणि थोड्याच वेळात पॅनल पूर्ण बंद पडले.

सेवा देणाऱ्या एजन्सीच्या माणसाने वीज आल्यावर मल्टिमीटर लावला, २७.३ व्होल्ट पाहिले आणि रजिस्टरमध्ये ‘बॅटरी ओके’ लिहिले. माझा सगळा राग या दोन शब्दांवर आहे. चार्जर चालू असताना मीटर दाखवतो तो चार्जरचा दाब. बॅटरीत किती दम आहे, हे त्यातून कळतच नाही. मी पॅनलचा वीजपुरवठा बंद करायला लावला आणि सर्व हूटर वाजवले, तेव्हा काटेकोर २४ दाखवणारा आकडा आमच्या डोळ्यांदेखत २१ च्या खाली गेला आणि हूटरचा आवाज बसला. आमच्या पॅनलला वीज नसताना २४ तासांची निगराणी आणि त्यानंतर अर्धा तास हूटर, एवढ्यासाठी जेमतेम ४ अँपिअर-तास लागतात. म्हणजे क्षमता मुळात कमी नव्हती.

बॅटरीच निकृष्ट, असे माझे मत झाले होते. ते आता तसे राहिलेले नाही. पॅनल गच्चीलगतच्या, पत्र्याच्या खोलीत होते. लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य २५ अंशांच्या वर दर १० अंशांना साधारण निम्मे होते आणि आमच्याकडे बाहेरच पारा ४२ च्या पुढे जातो. पॅनल तळमजल्यावर हलवल्यापासून त्याच कंपनीची नवी जोडी भाराखाली, म्हणजे हूटर वाजत असतानाही, व्यवस्थित टिकते आहे.

दुकानदार वॉरंटीत एकच बॅटरी बदलून देणार होता. पैसे वाचत असूनही मी नकार दिला, कारण जुनी बॅटरी नवीलाही खाली ओढते. एजन्सीने सुचवलेला नवा चार्जर मात्र घेतला नाही. तो निर्दोष होता.

बॅटरीला पाचपैकी चार गुण, एजन्सीला एक. २००६ च्या राज्य अग्निसुरक्षा कायद्यानुसार एजन्सीने जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावयाचे, यंत्रणा सुस्थितीत असल्याचे ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र यापुढे आम्ही पुरवठा तोडून, भाराखालचे आकडे रजिस्टरमध्ये नोंदवल्याशिवाय स्वीकारणार नाही आणि एजन्सीचे बिलही त्यानंतरच निघेल.