काळा रंग काळाच दिसावा: दोन स्वस्त टीव्हींचा वापरानंतरचा अनुभव

आमच्या दिवाणखान्यातल्या टीव्हीचे चित्र मध्यंतरी अचानक गेले. आवाज मात्र नीट येत होता. वॉरंटीत तक्रार नोंदवल्यावर आलेल्या तंत्रज्ञाने पाहताक्षणी सांगितले की पॅनेल, म्हणजे चित्र उमटवणारा पडदाच, गेले आहे, ते धक्का लागून गेले आहे आणि म्हणून वॉरंटीत बसत नाही. नव्या पॅनेलचा खर्च त्याने सांगितला, तेवढ्यात जवळजवळ नवा टीव्हीच आला असता. मी खोलीतले दिवे मालवले आणि मोबाइलचा टॉर्च पडद्याला टेकवून धरला, तेव्हा त्या उजेडाच्या गोलात निवेदिकेचा चेहरा आणि बातम्यांची सरकती पट्टी अंधूक, पण ओळखू येईल इतकी दिसली. चित्र उमटत आहे आणि त्यामागचा उजेड तेवढा गेला आहे, हे यावरून उघड होते. तरीही पडद्यामागच्या एलईडी दिव्यांच्या पट्ट्या विनाशुल्क बदलून मिळाल्या त्या लेखी तक्रार वरपर्यंत नेल्यावरच, आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. ज्या ग्राहकाला ही टॉर्चची तपासणी ठाऊक नसेल, त्याने मुकाट्याने पैसे भरले असते.

एलसीडीचा पडदा स्वतः उजेड देत नाही. मागच्या दिव्यांचा प्रकाश अडवणे किंवा सोडणे एवढेच त्याचे काम असते. हे दिवे बहुधा एकसर जोडणीत असल्यामुळे त्यांतला एक जरी तुटला तरी सगळी रांग विझू शकते. आमच्या टीव्हीत बॅकलाइट, म्हणजे या मागच्या दिव्यांचा उजेड, पहिल्या दिवसापासून शंभरावर लावलेला होता, आणि दिवे जितके तापतील तितके त्यांचे आयुष्य घटते. दुरुस्तीनंतर मी तो निम्म्यावर आणला, 'व्हिव्हिड' सोडून 'सिनेमा' मोड लावला, आणि चेहऱ्यांवरची निळसर झाक त्याच क्षणी गेली.

दिवाणखान्यातला हा टीव्ही आयपीएस पॅनेलचा आहे आणि झोपण्याच्या खोलीतला व्हीए पॅनेलचा; हे एलसीडी पडद्याचे दोन प्रकार. दोन्ही 43 इंची, दोन्ही फोरके, दोघांच्याही खोक्यावर एचडीआरचा (उजळ आणि गडद भागांतला फरक अधिक ठळक दाखवणाऱ्या चित्राचा) शिक्का आहे आणि किमतीतही फारसा फरक नाही. पहिले काही महिने मी आयपीएसचाच पक्ष घेत होतो, कारण बाजूच्या खुर्चीवरूनही रंग तसेच राहतात. व्हीएचे चित्र कडेने पाहिले की फिकट पडते. माझे मत बदलले ते अंधारात चित्रपट पाहू लागल्यावर. सिनेमास्कोप, म्हणजे जास्त रुंद चौकटीच्या, चित्रपटाच्या वर आणि खाली ज्या काळ्या पट्ट्या येतात, त्या व्हीएवर पडद्याच्या चौकटीत मिसळून जातात, तर आयपीएसवर राखाडी दिसतात आणि कोपऱ्यांत पांढुरकी चमक उमटते. रात्रीच्या प्रसंगात काळा कोट घातलेला माणूस भिंतीशी उभा असेल, तर व्हीएवर कोटाची घडी दिसते. आयपीएसवर कोट, भिंत आणि सावली यांचा एकच धुरकट पट्टा होतो.

याचे कारण कॉन्ट्रास्ट, म्हणजे पडद्यावरच्या सर्वांत उजळ पांढऱ्याचे आणि सर्वांत गडद काळ्याचे गुणोत्तर. आयपीएसमध्ये तो साधारण 1000:1 असतो आणि व्हीएमध्ये 3000:1 किंवा त्याहून अधिक. बॅकलाइट कमी केल्यावर आयपीएसचा काळा थोडा गडद झाला, पण पांढराही त्याच प्रमाणात उतरला, म्हणजे गुणोत्तर होते तिथेच राहिले. पॅनेलची ही उणीव कोणत्याही सेटिंगने भरून निघत नाही, आणि एवढी मोठी गोष्ट खोक्यावर कुठेही छापलेली नसते, याचे मला राहून राहून वाईट वाटते.

त्याउलट जे ठळकपणे छापलेले असते, त्याचा उपयोग फार थोडा. फोरकेमध्ये सुमारे 83 लाख पिक्सेल असतात, फुल एचडीच्या चौपट. परंतु 43 इंची पडद्यावर फुल एचडीचा पिक्सेलच अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि तीन मीटरवरून सर्वसाधारण दृष्टीला जेमतेम 0.9 मिलिमीटरचा तपशील वेगळा ओळखता येतो, म्हणजे फोरकेचे त्याहून बारीक पिक्सेल तिथून वेगळे दिसतच नाहीत. एचडीआरचे तर त्याहून वाईट: एचडीआरचे चित्रपट बहुधा 1000 निट्स (पडद्याच्या तेजाचे एकक) किंवा त्याहून अधिक तेजस्वितेसाठी तयार केलेले असतात आणि असे स्वस्त टीव्ही 250 ते 300 निट्सच्या आसपास थांबतात. शिवाय एचडीआर सुरू होताच आमच्या आयपीएस टीव्हीचा बॅकलाइट आपोआप पूर्ण चढतो आणि त्या काळ्या पट्ट्या पुन्हा राखाडी होतात, म्हणून जिथे पर्याय मिळतो तिथे मी एचडीआरविना साधेच चित्र लावतो.

आता टीव्हींची अदलाबदल केली आहे. व्हीए दिवाणखान्यात, समोरच्या कोचाच्या बरोबर मध्यावर. काळ्या पार्श्वभूमीवरून एखादी गडद वस्तू वेगाने सरकली, तर तिच्यामागे पुसट ओघळ उरतो, हा व्हीएचा दोष मला क्रिकेटमध्ये जाणवत नाही, शेवटच्या श्रेयनामावलीत मात्र जाणवतो. त्याच किमतीत पुन्हा घ्यायचा झाला तरी मी व्हीएच घेईन, आणि दुकानातले झगझगीत प्रात्यक्षिक बंद करायला सांगून माझ्या पेनड्राइव्हवरचा रात्रीचा प्रसंग लावून पाहिल्याखेरीज पैसे देणार नाही.